बँकॉकच्या काचेतली विहीर

बँकॉकला निघालेय असं मी सदलग्याच्या घरी सांगितलं, तेव्हा माझा चुलतभाऊ भिंतीकडं तोंड फिरवून हसला. निपाणी भागातले तंबाखूचे व्यापारी बँकॉकला कशासाठी जातात, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. परत येताना ते बायकोसाठी अत्तराची बाटली आणतात आणि पुढचा आठवडाभर जैन बस्तीत, म्हणजे देवळात, जरा जास्त वेळ बसतात. मी म्हटलं, हस बाबा, पण मी डिझाईनच्या प्रदर्शनाला चाललेय. ते ऐकून त्याचा उत्साहच मावळला.

हे प्रदर्शन तिथं दरवर्षी भरतं. जगभरातून लोक खुर्च्या, दिवे, भांडी, कापडं घेऊन येतात आणि ज्यांना यातलं काहीही लागत नाही असे लोक ते बघायला रांगा लावतात. जिच्यावर बसताच येत नाही अशा खुर्चीचं तिथं सगळ्यात जास्त कौतुक होतं. मी हे नाक मुरडून लिहितेय खरी, पण तिथं एक कोपरा मिळावा म्हणून मी तीन वर्षं अर्ज करत होते आणि तिन्ही वेळा नकार आल्यावर दोन दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. बेळगावात कॅम्पमधल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत माझं काम चालतं. डिझाईन शिकताना माझ्या वर्गात असलेल्या मुलींची नावं कुठं कुठं छापून यायची आणि मी हॉटेलांसाठी मेणबत्त्यांचे स्टँड करायचे. चाळिशी आली होती. माझ्या पोटात आग होती, आणि ती चांगल्या जातीची नव्हती.

चौथ्या वर्षी मी एका तांब्याचा फोटो पाठवला आणि माझी निवड झाली.

तो तांब्या काय आहे ते सांगायला हवं. आमच्या जैन घरांत पाणी जाड दुहेरी कापडातून गाळून पितात. गाळलं की काम संपलं असं होत नाही. कापडात जे बारीक जीव अडकलेले असतात, ते गाळलेल्या पाण्यानं हलकेच उतरवायचे. त्या धुवणाला जिवाणी म्हणतात. ती ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायची. दुसऱ्या पाण्यात सोडली तर ते जीव मरतात, आणि वरून ओतली तर आपटून मरतात. म्हणून जिवाणीच्या तांब्याच्या बुडाला कडी असते. दोर असा अडकवतात, की तांब्या सरळ खाली जातो आणि पाण्याला टेकला की कलंडून आतलं पाणी आवाज न करता सोडून देतो.

आमच्या घरी हे काम आत्या करायची. जुन्या तांब्याची कडी मधेच अडकायची, दोर हिसडावा लागायचा आणि जीव आपटायचे. आत्या निपाणीच्या तांबटाकडं तीनदा जाऊन बसली आणि ती कडी बोटभर एका अंगाला सरकवून घेतली. तेवढ्यानं तांब्या असा काही नमायला लागला, की बघत राहावं. मी त्याची मान जराशी लांबवली, पोचे काढले, चकाकी आणली आणि अर्जात लिहिलं, रचना माझी.

फोटो पसंत पडल्यावर तिकडून पत्र आलं. वस्तू नुसती मांडू नका, तिचा रोजचा वापर लोकांना दिसू द्या, शक्य असेल तर जिच्या घरातून ही पद्धत आली त्या व्यक्तीला बरोबर आणा. प्रवासाची सोय ते करणार होते. काचेची एक उंच, अरुंद टाकी ते देणार होते, विहीर म्हणून. म्हणजे आत्या लागणार होती.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन माहेरी आली ती परत गेली नाही. आई चिकोडीला शाळेत नोकरीला, त्यामुळं मला तिनंच वाढवलं. माझी वेणी, माझा ताप, माझे पाढे सगळं तिच्याकडं. तिला दीक्षा घ्यायची होती, पण घरातून कुणी तिला सोडलं नाही, कारण मग स्वयंपाक कुणी करायचा. तेव्हा तिनं मुनी महाराजांकडून एक व्रत घेतलं. आपल्याच विहिरीचं, आपल्याच हातानं गाळलेलं आणि जिवाणी परत पोचवलेलं पाणी प्यायचं. दुसरं पाणी जन्मभर नाही. लग्नाकार्याला गेली तरी कळशी बरोबर न्यायची, आणि जिवाणी बाटलीत भरून घरी आणायची. तीस वर्षं झाली होती. नवरा नाही, मूल नाही, नावावर एक गुंठा नाही. तिचं म्हणावं असं ते व्रत तेवढं होतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

मी तिला समजावलं. परदेशातल्या माणसांना जीव वाचवायची रीत कळेल म्हणाले. हा बाण बरोबर लागणार याची मला खात्री होती. वडील नको म्हणत होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला कुठं नेतेस म्हणून माझ्यावर चिडले. आत्याच म्हणाली, जाते मी. तिची अट एकच होती.

"पानी आपल्या हिरीचं पायजे. टाकीतबी तेच आन मला प्यायलाबी तेच."

मी दोन मोठे कॅन आणले. एक टाकीसाठी, एक तिला प्यायला. तिनं विहिरीवर बसून ते भरले, तोंडाला फडकं बांधलं आणि वर कुंकवाचं बोट लावलं.

गोव्याच्या विमानतळावर सामान काट्यावर ठेवलं आणि वजन जास्त भरलं. तांब्यांची पेटी न्यायची की कॅन न्यायचे, एवढाच प्रश्न होता. जादा पैसे भरता आले असते. तेही सुचलं होतं. पण पाण्यासाठी विमान कंपनीला पैसे मोजायचे ही कल्पना मला त्या घटकेला हास्यास्पद वाटली. आत्याला मी लांब एका खुर्चीवर बसवलं होतं, मांडीवर भाकरीचं गाठोडं. मी ढकलगाडीवर कॅन घालून बायकांच्या स्वच्छतागृहात गेले आणि दोन्ही कॅन बेसिनमध्ये रिकामे केले. तोंड अरुंद, त्यामुळं फार वेळ लागला. फरशी पुसणारी बाई थांबून बघत होती. पाणी खराब झालं का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणाले. वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला घाई होती. रिकामे कॅन सामानात गेले, त्यांना वजनच नव्हतं.

बँकॉकच्या हॉटेलात आत्या सकाळी माळ घेऊन बसली असताना मी न्हाणीघराचं दार लावून दोन्ही कॅन नळाखाली भरले. तिची फडकी पुन्हा तशीच बांधली. कुंकू मात्र नव्हतं, म्हणून लिपस्टिकचं बोट लावलं.

पहिला पेला तिनं गाळून तोंडाजवळ नेला आणि थांबली. म्हणाली, "वास येतोय गं ह्याला."

मी म्हणाले, "कॅन नवा आहे ना आत्या, प्लॅस्टिकचा वास."

"व्हय?" तिनं पुन्हा एकदा हुंगलं, माझ्याकडं बघितलं आणि ते पाणी पिऊन टाकलं.

तिचं व्रत तिथं मोडलं. तिला कळलं नाही एवढंच. मी केस विंचरत होते.

प्रदर्शनाचा हॉल एवढा गार होता की आत्यानं पदराखाली स्वेटर घातला. आमच्या शेजारी एका बाईनं कागदाची छत्री मांडली होती, पावसात न चालणारी. पलीकडं एक दिवा होता. माणूस जवळ आला की तो मंद व्हायचा, का ते त्याच्या मालकालाही नीट सांगता येत नव्हतं. आणि मध्ये पांढऱ्या लुगड्यातली माझी आत्या. गाळलेलं पाणी दोन घटकांवर चालत नाही, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांनी पुन्हा गाळायचं. तिला घड्याळ बघावं लागत नसे. ती उठायची, कापड धरायची, जिवाणी तांब्यात घ्यायची आणि काचेच्या टाकीत दोर सोडायची. तांब्या उतरायचा, टेकायचा, नमायचा. भोवतीची माणसं श्वास रोखून बघायची. कुणी स्वतः करून बघायला दोर हातात घेतला की ती कानडीत म्हणायची, "निधान, निधान." सावकाश, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवसापासून तिथली पोरंसोरं, सुटातले म्हातारे, सगळे निधान निधान म्हणत दोर सोडायला लागले. एक गोरी बाई तर तिच्यापुढं गुडघ्यावर बसून रडली. आत्यानं मला विचारलं, हिच्या घरी कोन वारलंय काय?

टाकीतलं पाणी एका दिवसात गढुळायचं आणि दिव्याखाली वाईट दिसायचं. म्हणून रोज सकाळी, आत्याला आणायच्या आधी, मी तिथल्या कामगारांकडून टाकी गटारात रिकामी करून नव्या पाण्यानं भरून घ्यायचे. आदल्या दिवशी तिनं जपून जपून सोडलेलं सगळं रोज गटारात जायचं. ती मात्र सकाळी आल्या आल्या काचेला हात लावून आत बघायची. हिरीचं पानी हितं येऊनबी निवळ ऱ्हायलंय, असं कौतुकानं म्हणायची.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तिला पाणी आठ दिवस पुरवायचं होतं. तिनं प्यायच्या कॅनवर सेफ्टी पिनेनं आठ रेघा ओढल्या होत्या आणि रेघेच्या खाली ती एक पेला जायची नाही. हॉलच्या बाहेर बँकॉकचा उकाडा, भाकऱ्या वाळलेल्या. तिचे ओठ फुटले. तिसऱ्या दिवसापासून बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची. आणि खोलीत, तिच्या खाटेपासून चार पावलांवर, त्याच पाण्याचा नळ होता. कॅन गुपचूप भरून ठेवावा तर तिच्या रेघा. खरं सांगावं तर दुसऱ्या दिवशी टाकीपाशी कोण उभं राहणार? मी तिला तहानलेली राहू दिलं. पाचव्या दिवशी तिला भोवळ आली आणि ती टाकीजवळ खाली बसली. डोळे मिटून, एक हात काचेवर. लोकांना वाटलं हाही प्रयोगाचा भाग. त्यांनी शांतपणे फोटो काढले. त्यातला एक फोटो दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या पानावर सगळ्यात वर होता आणि मला आनंद झाला.

त्याच दिवशी परीक्षकांपैकी एक बाई आल्या. तांब्या हातात घेऊन उलटा केला, कडीवरून बोट फिरवलं आणि इंग्रजीत विचारलं, ही कडी मध्यावर न ठेवता बाजूला घ्यायचं कुणाला सुचलं? आत्या दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी म्हणाले, मला. आत्या हसली, कारण बाई हसत होत्या. शेवटच्या दिवशी मला प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर एकच नाव आहे.

निघताना आत्यानं टाकीतल्या पाण्यानं एक बाटली भरून घेतली. आठ दिवसांचे जीव घरी पोचवायचे होते. ती बाटली मी फेकून देऊ शकले असते. दिली नाही, कारण सदलग्याच्या विहिरीवर ती ते पाणी सोडताना छान दिसेल असं माझ्या डोक्यात आलं होतं. तसंच झालं. आत्यानं आंघोळ करून, णमोकार मंत्र म्हणत, ते बँकॉकच्या नळाचं पाणी आमच्या विहिरीत उतरवलं. मी त्याचा व्हिडिओ केला. तो हजारो लोकांनी बघितला.

महिन्याभरानं निपाणीत समाजाच्या लोकांनी सत्कार ठेवला. मला शाल, श्रीफळ, फेटा. आत्यालाही शाल. अध्यक्ष म्हणाले, भाचीनं नाव काढलं खरं, पण खरा मान या माउलीचा. परमुलखातही हिनं घोटभर परकं पाणी घेतलं नाही. आणि टाळ्या पडल्या. माझ्या नावाला पडल्या त्याच्या दुप्पट पडल्या, उगाच नाही सांगत. मागच्या रांगेतल्या बायका तिच्या पाया पडायला उठल्या. आत्या संकोचानं पदर ओढत होती. मी माईकसमोर उभी होते आणि टाळ्या थांबायची वाट बघत होते. मला ते सहन झालं नाही.

मी म्हणाले, आता एक गंमत सांगते. आत्याला अजून वाटतंय की सदलग्याची विहीर आम्ही बँकॉकला नेली होती. पाणी तर गोव्यालाच बेसिनमध्ये गेलं. आठ दिवस हॉटेलच्या नळाचं पाणी, आणि टाकी रोज सकाळी गटारात. पण भक्ती अशी, की आत्याला त्यातही विहीर दिसली.

व्यापारी हसले, त्यांची शिकलेली मुलं हसली. लोक हसले की मला आवरत नाही. मी वास येत होता ती गोष्टही सांगितली, नक्कल करून, व्हय म्हणताना ती मान कशी वळवते त्यासकट. मागच्या बायका गप्प झाल्या तेव्हा मी पहिल्या रांगेकडं बघितलं. आत्या माझ्याकडंच बघत होती. गोष्ट संपलेली नाही आणि पुढं काहीतरी येणार आहे, अशी वाट बघत होती.

सदलग्याला परत येताना गाडी वडील चालवत होते. आत्या मागे, मांडीवर शाल. बराच रस्ता गेल्यावर तिनं विचारलं, "पहिल्या दिवसापासनंच?"

मी हो म्हणाले.

"शेवटच्या दिवशी तरी सांगायचं हुतंस. ती बाटली मी हिरीत सोडली."

ती पुन्हा म्हणाली, "ते त्या पान्यातले जीव. आपल्या पान्यात मेले आसतील. माझ्या हातानं सोडले मी."

तिच्या व्रताचं ती बोललीच नाही. आठ दिवस ती तहानेनं सुकली होती, त्याचंही नाही. गावाच्या वेशीपर्यंत ती त्या बाटलीबद्दलच बोलत होती, हलक्या आवाजात, मधेच कानडीत. वडिलांनी एकदाही आरशातून माझ्याकडं बघितलं नाही.

जवळच्या गावी महाराज उतरले होते, त्यांच्याकडं ती गेली. अजाणता घडलं त्याचा दोष हलका, असं महाराज म्हणाले म्हणे. ती हटून बसली, प्रायश्चित्त द्याच. मग एक दिवस उपास, एक दिवस एक वेळ जेवण, असं दोन महिने चाललं. व्रत तिनं पुन्हा पहिल्यापासून घेतलं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आणि आमच्या विहिरीला मात्र ती हात लावीना. गावाबाहेरच्या एका मळ्यातल्या विहिरीवरून कळशी आणायला लागली. सकाळी जाऊन पाणी आणायचं, गाळायचं आणि जिवाणी पोचवायला पुन्हा तेवढंच चालायचं. वडिलांनी गडी लावतो म्हटलं, तिनं ऐकलं नाही. मी गाडी घेऊन येते म्हणाले, तेव्हा वडील फोनवर एवढंच म्हणाले की तू सध्या येऊ नको.

पाच महिने मी गेले नाही. तांब्याला मागणी येत होती, मी कामात होते. आई फोनवर जुजबी बोलायची. आत्याची पाठ वाकलीय, एवढं एकदा म्हणाली. मी माझ्या मनाची समजूत घालत होते, की शेवटी पाणीच ते, आणि ती बरी आहे, जिवंत आहे, विषय संपला. बऱ्याचदा ती समजूत पटायची.

दिवाळीला गेले. आत्या सोप्यात बसून गाळत होती. अंगानं निम्मी झालेली. मला बघून तिच्या चेहऱ्यावर राग वगैरे काही आला नाही. आलीस व्हय, बस म्हणाली, गाडी मिळाली का विचारलं. तेवढ्यात पोस्टमन आला, त्याला तिनं पेला भरून दिला. दळण घेऊन आलेल्या बाईला दिला. चुलतभाऊ बाहेरून आला, तोच तो बँकॉकवर हसणारा, त्यालाही दिला आणि सावकाश पी म्हणाली. मी हात पुढं केला. ती उठली, भिंतीला धरत आत गेली आणि दुकानातली सीलबंद पाण्याची बाटली घेऊन आली. मी येणार म्हणून तिनं ती सकाळीच आणवून ठेवली होती.

मी म्हणाले, "आत्या, मला गाळलेलं दे की."

ती माझ्याजवळ बसली. लहानपणी ताप बघायची तसा माझ्या कपाळाला हात लावला. तिच्या आवाजात कसलाही टोमणा नव्हता, आणि असता तर मला सोसला असता.

"हे पी तू," ती म्हणाली. "ह्यात जीवच न्हाईत म्हनत्यात. तुझ्या हातनं कोन मरायचं न्हाय."

मी झाकण फिरवलं. ती उठून पुन्हा गाळायला बसली.